चाळीस भेटी

आरोग्यविज्ञानाची पदवी मिळवायला काय काय करावं लागतं, हे कॉलेजने एका हिरव्या पुस्तिकेत बावन्न पानं खर्चून सांगितलं होतं. बहुतेक विद्यार्थी ती पुस्तिका प्रवेशाच्या दिवशी पिशवीत टाकत आणि पुन्हा तिचं तोंड बघत नसत. मावशींना मात्र ती पाठ होती. कोणत्या विषयाला किती तास, कोणत्या प्रयोगाला किती हजेरी, कोणता विषय सुटल्याशिवाय कोणता घेता येत नाही, हे ऑफिसातला कारकूनसुद्धा त्यांनाच विचारायचा. "मावशी, रसायनाचं प्रात्यक्षिक राहिलं असेल तर आहारशास्त्र घेता येतं का हो?" असं तो खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचा आणि मावशी चालता चालता म्हणायच्या, "पान सोळा. नाही घेता येत."

त्या कॉलेजात मावशी झाल्या, कारण आधी हॉस्पिटलात मावशी होत्या. जी बाई चादरी बदलते, भांडं देते आणि भांडं नेते, रोग्याला कुशीवर वळवते, रडणाऱ्या नातेवाइकाला बाकावर बसवते, तिला हॉस्पिटलात सगळे मावशीच म्हणतात. तिचं नाव विचारायची वेळ कुणावर येत नाही. बावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. कपाळाला हात लावून ताप किती ते त्या सांगत आणि थर्मामीटर मागाहून त्यांची री ओढे. पण त्यांनी सांगितलेलं कुणी कागदावर चढवत नसे.

एकदा त्यांचे यजमान हर्नियाच्या ऑपरेशनसाठी त्याच वॉर्डात चार दिवस पडून होते. आदल्याच महिन्यात नर्स म्हणून लागलेली एक पोर सगळ्यांदेखत मावशींना म्हणाली, "तुम्ही बादली बघा, पेशंटचं आम्ही बघतो." मावशींनी मान खाली घातली आणि बादली उचलली. यजमान उशीला टेकून हे बघत होते.  टाके निघाल्यावर पहिल्याच दिवशी हा गृहस्थ कॉलेजात जाऊन प्रवेशाचा अर्ज घेऊन आला.

"तुला सगळं येतं," ते म्हणाले. "फक्त तुझ्याकडे कागद नाही. तेवढा आणू आपण."

"अहो, त्रेचाळीस वर्षांची झाले मी."

"मग काय झालं? माझ्याकडे येणाऱ्या लिफ्टा तुझ्यापेक्षा म्हाताऱ्या असतात. चालतात की."

यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळ्या पेठेत त्यांना लिफ्टवाले म्हणत. आयुष्यभर लिफ्टचं काम केलं आणि आयुष्यभर जिने चढलो, हे त्यांचं आवडतं रडगाणं होतं. चालू लिफ्टला मला कोण बोलावतं, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत आता अभ्यास येऊन बसला.

पहिल्या वर्षी शरीररचना. जेवणं झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिफ्टवाले प्रश्नसंच उघडून बसत. नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल. ते प्रश्न विचारणार, मावशी भांडी घासता घासता उत्तर देणार, बरोबर आलं की ते पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करणार. हाडांची नावं ते अशी काही वाचत की हाडाच्या मालकाने हाड परत मागावं. पण सहा महिन्यांत त्यांनाही दोनशे सहा हाडं येऊ लागली. कामावरच्या जोडीदाराचा गुडघा दुखला तर ते त्याला वाटीचं लॅटिन नाव सांगत आणि तो बिचारा त्या नावानेच अर्धा गार होई.

मग शरीरक्रिया, रसायन, सूक्ष्मजीव, आहार, मानसशास्त्र, आरोग्याचे कायदे. संख्याशास्त्रात मावशी दोनदा आपटल्या. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा त्यांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि लिफ्टवाल्यांनी शिडी लावून ती परत खाली काढली. मध्ये सासूबाईंचं आजारपण आलं, त्यात एक वर्ष गेलं. असं करत करत सातवं वर्ष उजाडलं, आणि सातव्या वर्षाची गोष्ट वेगळी होती. पान एकेचाळीसवर लिहिलं होतं की प्रवेशापासून सात वर्षांत सर्व अटी पूर्ण न झाल्यास आधी उत्तीर्ण झालेले विषय रद्द समजले जातील. दूध नासतं तसे विषयही नासतात, हे ज्ञान कॉलेजला कुठून झालं कोण जाणे. पण नियम तो नियम. या सत्रात उरलेलं झालं नाही, तर संख्याशास्त्रासकट सगळं पाण्यात.

उरलं होतं एकच. एका रुग्णाच्या घरी चाळीस भेटी, दर भेट तीन तास. प्रत्येक भेटीची नोंद ठरलेल्या नमुन्यात लिहायची आणि शेवटी ती केस खालच्या वर्गासमोर मांडायची. रुग्ण कॉलेज ठरवून देणार. तो विद्यार्थ्याच्या नात्यातला नसावा, कारण नात्यातल्या माणसाकडे स्वच्छ नजरेने बघता येत नाही. असंच लिहिलं होतं, पान सत्तेचाळीसवर.

मावशींच्या वाट्याला एक शिंपी आजोबा आले. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह, डाव्या टाचेला न भरणारी जखम. रस्त्यालगत दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीवर कात्र्या मापाप्रमाणे लावलेल्या. शिवणं बंद होऊन तीन वर्षं झाली तरी गळ्यातली टेप त्यांनी काढली नव्हती. सून दिवसभर बाहेर कामाला. आजोबा पहिल्या दिवशी मावशींना आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "बाही एका बाजूला ओढतेय तुमची, ताई. कुणी शिवली?"

"मीच."

"मग बरोबर आहे."

मावशींना आजोबा तिथेच आवडले.

सकाळी सात ते दोन वॉर्ड, तीन ते सहा आजोबा, मग घरी येऊन नोंदी नीटनेटक्या उतरवायच्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार भेटी. नमुना मोठा कडक होता. खाणं, पाणी, झोप, श्वास, पाय, वजन, मन. झोपेखाली पुन्हा चार उपप्रश्न : किती तास, किती वेळा जाग, कोणत्या कुशीवर, किती उशा. पहिल्या दहा भेटींत मावशींना हे सगळं पोरकट वाटलं. किती उशा म्हणे. पण लिहायचं म्हणून त्या दर वेळी विचारत, आजोबा दर वेळी म्हणत, "एक. दुसरीला कापूस नाही," आणि त्या दर वेळी एक लिहीत.

घरचं सगळं लिफ्टवाल्यांनी अंगावर घेतलं होतं. स्वयंपाक, कपडे, बाजार. मावशी आल्या की ताट वाढलेलं असे. सत्राच्या मध्यावर कधीतरी त्यांना दिसलं की नवरा बूट सोडून चपला घालून कामाला जातोय.

"बूट आकसले," ते म्हणाले.

"बूट आकसतात होय? तुम्हीच फुगलात. खा अजून आयतं."

"आयतं? करतो कोण?"

दोघं हसले. मग एकदा ते जिन्यात मधल्या मजल्यावर थांबलेले दिसले. गुडघे, म्हणाले. जरा खोकला झाला होता, तो धुळीचा. लिफ्टच्या खड्ड्यात धूळ असतेच. आणि एका संध्याकाळी मावशी टेबलावर नोंदवही मांडून बसल्या होत्या, तेव्हा आतून हाक आली.

"अगं, तुझी उशी घेऊ का? तू तशीही टेबलावर डोकं ठेवूनच झोपतेस हल्ली."

"घ्या की. विचारताय काय."

त्या उठल्या, आपली उशी काढून स्वतः त्यांच्या दोन उशांवर पाठीशी नीट लावून आल्या, आणि पुन्हा येऊन चोविसाव्या भेटीच्या नोंदीतलं वजन लिहू लागल्या. पाठीला बरं वाटतंय, असं ते म्हणाल्याचं त्यांना नंतर आठवत होतं.

सव्विसाव्या भेटीला शिंपी आजोबा म्हणाले, "दोन." मावशींचं पेन थांबलं. अठ्ठाविसावीला आजोबा म्हणाले, "तीन. सुनेची घेतली. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, ताई." मावशींनी वही मागे चाळली. पंचवीस वेळा एक, मग दोन, मग तीन. त्यांनी आजोबांच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. वजन पंधरा दिवसांत तीन किलो वाढलं होतं, खाणं कमी असताना. टाचेच्या जखमेकडे सगळ्यांचं लक्ष होतं आणि म्हाताऱ्याचं हृदय थकत चाललं होतं, छातीत पाणी साचत होतं.

त्यांनी तिथूनच कॉलेजच्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी डॉक्टरांना गाठलं. संध्याकाळच्या आत आजोबा हॉस्पिटलात होते आणि आठवड्याने औषधं घेऊन घरी परत आले. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर अवघड होतं. मॅडमनी ती नोंदवही वर्गात सगळ्यांना दाखवली. "निरीक्षण याला म्हणतात," त्या म्हणाल्या. "मशीन नव्हतं, तपासणी नव्हती. मावशींनी उशा मोजल्या." बावीस वर्षं आणि सात वर्षं, एवढ्या काळात मावशींनी बघितलेलं पहिल्यांदा कागदावर चढलं होतं.

त्या दिवशी त्या घरी आल्या त्या जमिनीपासून वीतभर वरून. लिफ्टवाल्यांना खुर्चीत बसवून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. हृदय थकलं की पाणी कसं साचतं, आडवं झाल्यावर ते छातीभर कसं पसरतं, म्हणून माणूस नकळत उंच उंच निजू लागतो, पाय सुजतात, जिना चढवत नाही, खोकला येतो. लिफ्टवाले अगदी शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे उशा मोजून कळतं?"

"कळतं की. नुसतं विचारायला पाहिजे."

"भारी आहे," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. "भारी आहेस तू."

मावशींना त्या कौतुकाचा एवढा आनंद झाला की त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. यात लबाडी काही नव्हती. थकलेली, खूश झालेली बाई आपल्या माणसासमोर बसली होती, आणि तो माणूस चार उशा लागतील असा श्वास घेत होता.

पुढच्या आठवड्यात केस मांडताना येणाऱ्या प्रश्नांची तयारी सुरू झाली. लिफ्टवाल्यांनी प्रश्नसंच उघडला, फुप्फुसं झाली, मूत्रपिंडं झाली. हृदयाचा धडा आल्यावर ते म्हणाले, "हे तुझं झालंय. परवा तर सगळं सांगितलंस." आणि पानं उलटून पुढे गेले.

भेट अडतिसावी शनिवारी झाली. सोमवारी सकाळी आठ-साडेआठला मावशी वॉर्डात खाटा पुसत होत्या, तेव्हा खालून तातडीच्या विभागातून निरोप आला की खाली या. निरोप आणणाऱ्याचा चेहरा बघून त्यांनी हातातलं फडकं तिथेच टाकलं.

लिफ्टवाले एका इमारतीत चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकली म्हणून जिना चढत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले आणि मग उठले नाहीत. त्यांचा जोडीदार आणि इमारतीतले दोघं त्यांना खुर्चीत बसवून खाली घेऊन आले. आता ते खाटेवर बसल्यासारखे निजले होते, तोंडावर ऑक्सिजन, ओठांचा रंग मावशींना ओळखीचा. असा रंग त्यांनी इतक्या वर्षांत पुष्कळदा बघितला होता.

तिथली तरुण डॉक्टरीण त्यांना ओळखत होती. "मावशी, मला पटापट सांगा," ती कागद ओढून म्हणाली. "धाप कधीपासून?"

मावशींनी तोंड उघडलं. शिंपी आजोबांची धाप कधीपासून, हे त्या वारासकट सांगू शकल्या असत्या.

"पाय कधीपासून सुजलेत?"

"बूट... बूट सोडून बरेच दिवस झाले."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"आडवं झोपवतं का? किती उशा घेतात?"

मावशी म्हणाल्या, "तीन." म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्या खाटेच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरिणीने कधीपासून असं विचारलं, पुन्हा विचारलं, मग त्यांच्याकडे बघून विचारायची थांबली.

दुपारी लिफ्टवाल्यांना थोडं बरं वाटलं. निदान बोलता येऊ लागलं. मावशी कडेला स्टुलावर बसल्या होत्या. लिफ्टवाल्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"किती राहिल्या?"

"काय?"

"भेटी."

"झाल्या सगळ्या," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बोलू नका."

"खोटं." त्यांना दम लागला, थांबले. "अडतीस झाल्या. दोन राहिल्यात. उद्या मंगळवार. जाऊन ये."

"अहो, मला सांगायचं तरी. मला एकदा सांगायचं होतं. मी काय परकी होते?"

लिफ्टवाल्यांनी तिचा हात हातात घेतला. हसायचा प्रयत्न केला. "सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडून बसली असतीस," ते म्हणाले. मावशींनी मास्क परत नीट लावला. त्यांना खूप बोलायचं होतं, भांडायचं होतं, पण त्या माणसाला श्वास पुरत नव्हता आणि भांडण एकट्याने करता येत नाही.

मंगळवारी मावशी शिंपी आजोबांकडे गेल्या नाहीत. मंगळवारी दुपारी लिफ्टवाले गेले.

घरात माणसं आली, गेली. जोडीदार आला तो दारातच उभा राहिला, आत येईना. मावशींनी बसवलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, मी चारदा म्हटलं त्याला, दाखवून घे. तर म्हणायचा, तिचं सत्र संपू दे, मग तिलाच दाखवतो, पास झालेल्या बाईला. वरचे मजले मी करायचो हल्ली. त्या दिवशी मला यायला उशीर झाला." मग तो लहान मुलासारखा रडला. मावशींनी त्याला पाणी दिलं. नातेवाइकांना पाणी द्यायची सवय हाताला होतीच.

सगळे पांगल्यावर एका सकाळी त्यांनी प्रश्नसंच उघडला. उघडायचं काही कारण नव्हतं, घरात दुसरं काही उघडवत नव्हतं म्हणून उघडला. हृदयाचा धडा त्यांच्याकडून कधी म्हणवून घेतला गेला नव्हता, तेव्हा तिथे खुणा नसायला हव्या होत्या. पण पाच प्रश्नांपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती. जिना चढताना दम लागतो का. पादत्राणं घट्ट होतात का. रात्री खोकल्याने जाग येते का. वजन अचानक वाढलं आहे का. किती उशा लागतात. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, त्याच काळजीने काढलेली.

मावशी त्या पानावर कितीतरी वेळ बसून राहिल्या. याने एकट्याने टेबलाशी बसून स्वतःला विचारलं, स्वतःच उत्तर दिलं, आणि मावशी तेव्हा वॉर्डात खाटा पुसत असतील, नाहीतर दुसऱ्याच्या घोट्यावर अंगठा दाबत असतील. त्यांना नवऱ्याचा राग आला. तो फार वेळ टिकला नाही. स्वतःचा आला, तो टिकला.

मॅडम घरी येऊन गेल्या. सत्राचे अकरा दिवस उरले होते. पुस्तिकेत दुखवट्याच्या रजेचा उल्लेख होता, पण सात वर्षांची मुदत त्याने वाढत नव्हती, हे मॅडमनी नजर चुकवत सांगितलं. "पान एकेचाळीस," मावशी म्हणाल्या. "मला माहीत आहे." जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण मग आता जायचं नाही तर तो जिने कशासाठी चढला, या प्रश्नाला घरात कुठेच उत्तर सापडेना. त्या गेल्या.

शिंपी आजोबांनी दार स्वतः उघडलं. रंग सुधारला होता, टाच भरत आली होती. यंत्रावर कापड लावलेलं दिसत होतं. त्यांना सुनेकडून कळलं असावं, कारण त्यांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली.

"ताई, आज लिहू नका काही. बसा नुसत्या."

"लिहावं लागतं, आजोबा. तीन तास."

त्यांनी वही उघडली. खाणं, पाणी. झोपेवर आल्या.

"किती उशा?"

आजोबा टेपची गुंडाळी करू लागले. मग अपराध्यासारखे म्हणाले, "एक."

मावशींनी एक लिहिलं. समोरचा म्हातारा बरा झाला याचा त्यांना त्या क्षणी इतका राग आला की पेन वहीत रुतलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एका उशीवर सुखाने निजतो, त्यांच्यामुळे निजतो, आणि अठ्ठावन्न वर्षांचा त्यांचा माणूस त्यांच्याच उशीला टेकून रात्री बसून काढतो आणि मरतो. मग त्या रागाची त्यांना लाज वाटली आणि त्या वहीवर डोकं टेकून रडल्या. आजोबांनी त्यांना रडू दिलं. चाळिसाव्या भेटीला त्यांनी मावशींची एका बाजूला ओढणारी बाही उसवून, पुन्हा शिवून दिली. 

शेवटची अट, केस वर्गासमोर मांडणे. दुसऱ्या वर्षाची चाळीसेक मुलं-मुली, मागे मॅडम. मावशींनी नोंदवही समोर ठेवली आणि सुरुवात केली. "रुग्ण पुरुष, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय शिवणकाम." एवढं म्हणून त्यांनी वही मिटली.

"ही केस तुम्हाला मॅडमनी सांगितलेली आहे," त्या म्हणाल्या. "मी दुसरी सांगते. रुग्ण पुरुष, वय अठ्ठावन्न, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती."

मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

मावशींनी सगळं ठरलेल्या नमुन्यात सांगितलं. पायांची सूज, अंदाजे सातवा आठवडा. पादत्राणं बदलली. जिन्यात थांबणे, कारण सांगितलं गुडघे. खोकला, कारण सांगितलं धूळ. झोप उंचावर, तिसरी उशी बाराव्या आठवड्यात. रुग्णाला स्वतःला लक्षणांचा अर्थ माहीत होता. उपचार नाहीत. अठराव्या आठवड्याच्या सुरुवातीला जिना चढताना कोसळला, दुसऱ्या दिवशी मृत्यू. त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. वॉर्डात रोज रात्रीचा अहवाल देतात तसा तो सपाट होता. मुलं भराभर लिहून घेत होती. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, एवढंच ठाऊक की तोंडी परीक्षेत हे विचारतील.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हुशार दिसत होती.

"मावशी, घरात आणखी कोण होतं?"

"बायको."

"शिकलेली?"

"शिकत होती."

"मग एवढं सगळं समोर असून तिला दिसलं कसं नाही?"

मॅडम पुढे आल्या. "आपण इथेच थांबू या," त्या म्हणाल्या. मावशींनी हाताने त्यांना थांबवलं. मुलगी चांगला प्रश्न विचारत होती आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवं, असं त्यांना वाटलं.

"दिसत होतं, बाळा," त्या म्हणाल्या. "रोज दिसत होतं तिला. पण नात्यातल्या माणसाचे तास धरत नाहीत. धरणार नव्हते म्हणून तिने लिहिलं नाही. आणि लिहायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही."

मुलीने मान हलवली, खाली बसली आणि तेही लिहून घेतलं. वर्ग सुटल्यावर मॅडमनी हिरव्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, शेवटच्या रकान्यात सही केली. मावशींची पदवी पूर्ण झाली.